बिबट्यांची वजने आणि मापे : संकलन प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

रानातल्या प्रौढ बिबट्याचे वजन किती, या साध्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. अरबस्तानातली प्रौढ मादी जेमतेम २० किलोची असते, तर इराणच्या उत्तरेकडील डोंगरांतला किंवा दक्षिण आफ्रिकेच्या सवानातला एखादा थोराड नर ९० किलोच्या आसपास जातो. एकाच जातीत साडेचार पटींचे अंतर असताना ‘बिबट्याचे वजन २० ते ९० किलो’ असे लिहिलेले वाक्य खोटे ठरत नाही, पण उपयोगाचेही राहत नाही. भूल देणाऱ्या पशुवैद्यकाला औषधाची मात्रा किलोमागे ठरवावी लागते. मागोवा घेण्यासाठी गळ्यात रेडिओ कॉलर बसवणाऱ्याला ती प्राण्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. आणि एखाद्या जंगलात किती भक्ष्य असल्यावर किती बिबटे तगतील, हे मांडणाऱ्यालाही सुरुवात प्राण्याच्या वजनापासूनच करावी लागते. या तिघांनाही कुठला नर, कुठली मादी, कुठल्या प्रदेशात आणि कोणत्या पद्धतीने मोजली, हे हवे असते. आजपासून सुरू होणाऱ्या संकलनाचे काम तेवढेच आहे : रानटी, प्रौढ आणि प्रत्यक्ष मोजलेल्या बिबट्यांच्या नोंदी एका तक्त्यात आणणे, आणि प्रत्येक आकड्याबरोबर तो कसा मिळाला हेही लिहिणे.

९ जानेवारी

तक्त्याचा आराखडा ठरला. मूळ आकडा आणि मूळ एकक यांसाठी स्वतंत्र स्तंभ ठेवले असून रूपांतर केलेला आकडा त्यांच्या शेजारी राहील, त्यांच्या जागी येणार नाही. वजन काट्यावर झाले की अंदाजाने सांगितले, लांबी कशी घेतली, पोट भरलेले होते की रिकामे, वय कशावरून ठरवले, प्राणी जिवंत होता की मेलेला, आणि मेलेला असल्यास मृत्यूनंतर किती वेळाने मोजला, हे सर्व स्तंभ सक्तीचे आहेत. माहिती नसेल तेथे ‘नोंद नाही’ असे लिहायचे. स्तंभ मोकळा सोडायचा नाही, कारण मोकळ्या जागेवरून माहिती मुळातच नव्हती की उतरवून घेताना राहून गेली, हे नंतर कळत नाही.

अंदाजाने सांगितलेली वजने तक्त्यात येतील, पण सरासरीत धरली जाणार नाहीत. यावर सहकाऱ्यांशी बराच खल झाला. अनुभवी माणसाचा अंदाज अगदीच टाकाऊ का मानावा, असा प्रश्न एकाने विचारला. माझे उत्तर असे, की अनुभवी माणसाचा अंदाज चांगला असू शकतो, परंतु त्यात किती चूक आहे हे तपासण्याचा मार्ग आपल्यापाशी नसतो. काट्याची चूक मात्र माहीत असलेले वजन टांगून कधीही तपासता येते.

१४ जानेवारी

जुन्या नोंदींतली बहुतेक वजने पौंडांत आहेत, आणि किलोत दिलेली कित्येक वजनेही मुळात पौंडांतलीच असतात. हे ओळखणे अवघड नाही. १०० पौंड म्हणजे ४५.४ किलो, १४० पौंड म्हणजे ६३.५, १५० पौंड म्हणजे ६८ आणि २०० पौंड म्हणजे ९०.७. एखाद्या यादीत हेच आकडे पुन्हा पुन्हा दिसले, तर दशांश चिन्हापुढच्या अंकाकडे पाहून काटा बारकाईने वाचला असे समजू नये. मुळात शून्यावर संपणारा पौंडांचा गोल आकडा होता आणि त्याचे नंतर रूपांतर झाले, एवढाच त्याचा अर्थ. ‘बिबट्या ९०.७ किलोपर्यंत वाढतो’ या विधानातली अचूकता दिसते तेवढी खरी नाही. त्यामागे ‘सुमारे दोनशे पौंड’ इतकेच असते.

भारतीय नरांसाठी दिल्या जाणाऱ्या ५० ते ७७ किलो या पल्ल्याचे वरचे टोक आणि श्रीलंकेतल्या सर्वांत वजनदार नराचा ७७ किलो हा आकडा, दोन्ही १७० पौंडांशी तंतोतंत जुळतात. म्हणून ते चुकीचे ठरत नाहीत. मात्र त्यांच्या आसपास पाच पौंडांची, म्हणजे सव्वादोन किलोंची, मोकळीक धरूनच ते वाचावेत, अशी टीप दोन्ही ओळींना जोडली.

२० जानेवारी

आजचा दिवस लांबीच्या स्तंभाने घेतला, आणि या स्तंभाइतका घोळ दुसऱ्या कुठल्याच स्तंभात नाही.

लांबी घेण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. पहिलीत मेलेला प्राणी सपाट जमिनीवर सरळ ताणून ठेवतात, नाकाच्या टोकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक अशा दोन खुंट्या ठोकतात, प्राणी बाजूला करतात आणि खुंट्यांमधले सरळ अंतर मोजतात. दुसरीत फीत नाकापासून कपाळावरून, मानेच्या खोलगट भागातून आणि पाठीच्या कण्यावरून शेपटीच्या टोकापर्यंत अंगाला लावून नेतात. दुसऱ्या रीतीत अंगाची प्रत्येक चढउतार मापात येते, त्यामुळे आकडा नेहमीच मोठा निघतो. किती मोठा, हे फीत किती दाबून धरली यावर अवलंबून राहते.

दोन्ही रीतींनी मोजलेला एकच प्राणी सापडणे दुर्मीळ आहे, म्हणून रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याची नोंद मोलाची वाटते. मे १९२६ मध्ये जिम कॉर्बेट यांनी तो मारला आणि त्याची दोन्ही मापे लिहून ठेवली : खुंट्यांमध्ये ७ फूट ६ इंच, वळणावरून ७ फूट १० इंच. मृत्यूनंतर बारा तासांनी मापे घेतली, हेही त्यांनी सांगितले आहे. आपल्या तक्त्याला जे हवे ते सगळे या दोन ओळींत आहे. सेंटिमीटरमध्ये ही मापे २२८.६ आणि २३८.८ होतात. प्राणी एकच, फीत धरणारा माणूस एकच, आणि तरीही फरक १० सेंटिमीटरांचा, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जवळ.

साडेचार टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण एकाच ठेवणीच्या प्राण्यांत वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.०४५ चा घन १.१४ होतो. याचा अर्थ असा, की लांबीवरून वजनाचा अंदाज बांधणाऱ्याने एका रीतीचे माप दुसऱ्या रीतीच्या सूत्रात घातले, तर अंदाज १४ टक्क्यांनी फसतो. साठ किलोच्या नरात ही चूक आठ किलोंहून अधिक भरते. दोन प्रदेशांतल्या बिबट्यांत खरोखर आठ किलोंचा फरक असेल, तर तो मोठा शोध ठरावा. आणि इथे तेवढाच फरक केवळ फीत कशी धरली यातून निर्माण होतो. म्हणून रीतीचा उल्लेख नसलेली एकूण लांबी या तक्त्यात कुठल्याही तुलनेसाठी वापरली जाणार नाही. हा नियम मी मोडू देणार नाही, मग त्यामुळे निम्म्या जुन्या ओळी बाजूला राहिल्या तरी चालेल.

२३ जानेवारी

कालच्या आणि परवाच्या चर्चेतून एक गोष्ट स्पष्ट झाली : एकूण लांबीपेक्षा डोके व धड यांची मिळून लांबी अधिक भरवशाची आहे. भारतीय नरात डोके व धड १२७ ते १४२ सेंटिमीटर आणि शेपूट ७६ ते ९१ सेंटिमीटर असते. मादीत डोके व धड १०४ ते ११७ आणि शेपूट ७६ ते ८७ पर्यंत. म्हणजे एकूण लांबीतला जवळजवळ चाळीस टक्के भाग शेपटीचा, आणि शेपटीचे वजन त्या मानाने नगण्य. शिवाय मादीची शेपूट नराच्या शेपटीहून फारशी आखूड नसते, त्यामुळे एकूण लांबीच्या स्तंभात मादी आणि नर यांच्यातले अंतर खरे आहे त्यापेक्षा कमी भासते.

२०१६ मध्ये हिमाचल प्रदेशात मारल्या गेलेल्या नराची नोंद आज भरली : एकूण लांबी २६१ सेंटिमीटर, वजन अंदाजे ७८.५ किलो. भारतातल्या ज्ञात रानटी बिबट्यांत हा फारच मोठा प्राणी. त्याचे २६१ वळणावरून घेतलेले असेल, तर रुद्रप्रयागच्या प्रमाणाने खुंट्यांमधली लांबी २५० च्या आसपास येते, आणि तरीही तो १९२६ च्या बिबट्याहून वीसेक सेंटिमीटर लांब ठरतो. त्याचे वजन मात्र अंदाजाने सांगितलेले आहे, म्हणून ते सरासरीत धरलेले नाही.

३१ जानेवारी

पोटाचा प्रश्न. भक्ष्यावर पकडलेल्या किंवा मांसाचे आमिष लावलेल्या पिंजऱ्यात सापडलेल्या बिबट्याच्या पोटात बरेच मांस असू शकते. ते सहा किलो धरले, तर साठ किलोच्या नरात ते दहा टक्के होते, आणि दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या तीस किलोच्या नरात वीस टक्के. म्हणजे लहान चणीच्या प्रदेशांतली सरासरी पोटातल्या मांसाने अधिक बिघडते. मृत प्राण्याचे पोट उघडून मांस वेगळे तोलता येते आणि काही काळजीपूर्वक केलेल्या नोंदींत तसे केलेलेही असते. जिवंत प्राण्यात तसे करता येत नाही, म्हणून तेथे फक्त पोटाचा आकार ‘खपाटीला’, ‘मध्यम’, ‘तट्ट भरलेले’ अशा तीन शब्दांत लिहायचे ठरवले. वजा करून दुरुस्त केलेले वजन वेगळ्या स्तंभात राहील. अंदाजाने वजाबाकी करणाऱ्या ओळी मी परत पाठवल्या. सहा किलो वजा केले असे लिहिताना ते सहा किलो कुणी तोलले, हेही लिहावे लागेल.

६ फेब्रुवारी

‘प्रौढ’ कुणाला म्हणायचे, हे ठरले. पिल्ले साधारण वर्ष ते दीड वर्षाची होईपर्यंत आईबरोबर असतात. आईपासून वेगळा झालेला नर दिसायला पुरा बिबट्या असतो, पण वजनाने पुरा नसतो. मादी तीन वर्षांच्या सुमारास पूर्ण वाढीला पोहोचते, नर त्यानंतरही भरत राहतो, विशेषतः मानेत आणि छातीत. त्यामुळे दोन-अडीच वर्षांचे भटके नर ‘प्रौढ’ म्हणून सरासरीत शिरले, तर नरांचा आकडा खाली ओढला जातो. आणि पिंजऱ्यात सापडणाऱ्यांत असे स्वतःची हद्द नसलेले तरुण नर नेहमीच असतात.

वय ठरवण्यासाठी दातांचा आधार घ्यायचा : सुळ्यांचे पिवळेपण, टोकांची झीज, पुढच्या लहान दातांची झीज आणि हिरडी सुळ्यापासून किती मागे सरली आहे ते. म्हाताऱ्या नराच्या गळ्याखाली लोंबणारी कातडी हीसुद्धा खूण आहे, पण ती साहाय्यक म्हणून. मादीला तीन वर्षे आणि नराला चार वर्षे, ही खालची मर्यादा. यापेक्षा लहान प्राण्यांच्या नोंदी फेकायच्या नाहीत. वाढीचा आलेख काढायला त्याच लागतील.

१२ फेब्रुवारी

आफ्रिकेच्या ओळी भरताना संकलनातला सर्वांत सुंदर विरोध समोर आला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातल्या प्रौढ नरांची सरासरी सुमारे ६३ किलो आणि माद्यांची सुमारे ३७. त्याच देशाच्या नैर्ऋत्येला, केप भागाच्या डोंगररांगांत, नर सरासरी सुमारे ३१ किलोचे आणि माद्या २१ किलोच्या. देश एक, उपजातीही एकच. आफ्रिकेतले सारे बिबटे सध्याच्या वर्गीकरणात एकाच उपजातीत गणले जातात. आणि तरीही क्रुगरचा नर केपच्या नराच्या दुपटीने भरतो.

दुप्पट वजन म्हणजे दुप्पट लांबी नव्हे, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. दोनाचे घनमूळ १.२६ आहे, म्हणून दुप्पट वजनाचा बिबट्या लांबी-उंचीत सव्वापटीनेच मोठा असतो, आणि अंधारात किंवा दुरून पाहणाऱ्याला हा फरक जाणवेलच असे नाही. डोळ्यांनी केलेला अंदाज वजनाच्या बाबतीत इतका का फसतो, याचे कारण बरेचसे यात आहे.

या फरकाचा उलगडा भक्ष्यात सापडतो, असे माझे मत आहे. बिबट्याला सर्वांत सोयीचे भक्ष्य १० ते ४० किलोंच्या दरम्यानचे असते. क्रुगरमध्ये इंपाला हरिणे मुबलक आहेत आणि तीच त्याच्या आहाराचा मुख्य भाग आहेत. केपच्या खडकाळ डोंगरांत खडकांतले सशाएवढे हायरॅक्स आणि क्लिपस्प्रिंगर ही छोटी हरिणे यांवर गुजराण करावी लागते. हायरॅक्स तर अवघे तीन-चार किलोंचे. असल्या भक्ष्यावर साठ किलोचे शरीर पोसणे परवडत नाही.

प्रतिस्पर्धी नसले की बिबट्या मोठा होतो, असे अनेकदा म्हटले जाते. क्रुगरमध्ये सिंह आणि तरस दोन्ही आहेत. केपच्या डोंगरांत सिंह केव्हाच संपले आणि बिबट्या तेथला सर्वांत मोठा शिकारी उरला आहे. स्पर्धेचा नियम एकट्याने चालत असता, तर आकडे उलट हवे होते.

आणखी एक गोष्ट याच चार आकड्यांतून निघते. क्रुगरमध्ये नर मादीच्या १.७ पट, केपमध्ये सुमारे १.५ पट. म्हणजे शरीर लहान झाले तसे नर आणि मादी एकमेकांच्या जवळ आले. ज्या प्राण्यांत नर मोठा असतो, त्यांत शरीराचा आकार वाढेल तसा नर-मादींतला फरकही वाढतो, अशी एक सर्वसाधारण प्रवृत्ती प्राणिशास्त्रात नोंदलेली आहे आणि येथे ती एकाच जातीच्या आत दिसते. नराला हद्द राखायची आणि दुसऱ्या नराला हुसकायचे असते, त्यामुळे भक्ष्य पुरेल तेवढे तो वाढतो. मादीला मात्र पिल्लांसाठी रोज शिकार करायची असते, म्हणून तिचे शरीर काटकसरीचे राहते. चार सरासऱ्यांवर एवढा मोठा डोलारा उभारू नये हे मान्य, पण पुढे इतर प्रदेश जोडताना हे गुणोत्तर प्रत्येक ठिकाणी काढायचे, असे ठरवले.

१८ फेब्रुवारी

गाभण माद्यांसाठी स्वतंत्र खूण. गर्भकाळ तीन महिन्यांहून थोडा अधिक, पिल्ले बहुधा दोन-तीन, आणि जन्मताना प्रत्येकी अर्धा किलोच्या आसपास. शेवटच्या आठवड्यांत दोन-तीन किलोंचा फरक पडू शकतो. वीस-एकवीस किलोच्या मादीत तो दुर्लक्षण्याजोगा नाही.

२५ फेब्रुवारी

आशियातले टोकाच्या आकाराचे बिबटे. अरबी बिबट्या सर्वांत लहान : नर सुमारे ३० किलो, मादी सुमारे २०. ओमानच्या दोफार भागातले डोंगर आणि तेथले विरळ भक्ष्य लक्षात घेतले, तर हा आकार केपच्या आकाराशी जुळतो, जरी दोन्ही उपजाती वेगळ्या आणि हजारो किलोमीटर दूर असल्या तरी. रशियाच्या अतिपूर्वेकडील अमूर बिबट्याचे नर साधारण ३२ ते ४८ किलो आणि माद्या २५ ते ४२. काही नर याहून बरेच मोठे नोंदलेले आहेत, पण ते अपवादात्मक. इराण, तुर्कमेनिस्तानचा कोपेत दाग आणि कॉकेशस येथला बिबट्या मात्र जातीतल्या सर्वांत मोठ्यांपैकी; त्याचे नर साठ किलोंच्या पुढे सहज जातात.

थंड प्रदेशातले प्राणी उष्ण प्रदेशातल्या भाईबंदांपेक्षा मोठे असतात, हा बर्गमनचा नियम येथे लावून पाहिला. अमूर बिबट्या सर्वांत उत्तरेला आणि सर्वांत कडक हिवाळ्यात राहतो. नियमाप्रमाणे तोच सर्वांत वजनदार हवा. तो तसा नाही. दक्षिण आफ्रिकेत तर विषुववृत्तापासून अधिक दूर असलेला केपचा बिबट्या क्रुगरच्या निम्म्या वजनाचा आहे. हवामानाचा परिणाम नाहीच असे मी म्हणत नाही, पण बिबट्याच्या बाबतीत तो भक्ष्याच्या आकारापुढे फिका पडतो, असे तक्ता सुचवतो. इराणी बिबट्याला रानमेंढ्या, रानबकऱ्या आणि रानडुकरे मिळतात, हे येथे विसरता कामा नये.

अमूर बिबट्याच्या बाबतीत मापांसाठी वेगळी दक्षता हवी. हिवाळ्यात त्याच्या पाठीवरचे केस पाच सेंटिमीटरपर्यंत आणि पोटावरचे त्याहून लांब वाढतात. छायाचित्रात तो त्यामुळे भरदार दिसतो. आणि केसांवरूनच सैल फीत फिरवली, तर छातीचा घेरही भरदारच येतो. घेर घेताना फीत केसांत दाबून कातडीपर्यंत न्यायची, ही सूचना मापनपत्रात ठळक अक्षरांत घातली.

४ मार्च

श्रीलंका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींत ११ नरांची सरासरी ५६.३ किलो आणि ७ माद्यांची २९ किलो आहे. गुणोत्तर १.९४, म्हणजे क्रुगरपेक्षाही जास्त, आणि येथले नर क्रुगरच्या नरांहून लहान असूनही हे पाहून १२ फेब्रुवारीचे निरीक्षण मोडले असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. अशा नरांत प्रमाण विचलन, म्हणजे वजनांचा सरासरीभोवतीचा पसारा, नऊ किलोंचे धरले, तर अकरा प्राण्यांच्या सरासरीवर सहा किलोंचा खालीवर पल्ला येतो. खरी सरासरी ५० असो वा ६२, हा नमुना दोन्हींशी सुसंगत राहतो. सात माद्यांची अनिश्चितता वर मिळवली, की गुणोत्तर १.६ ते २.३ यांत कुठेही असू शकते. शिवाय त्या काळची वजने शिकारीतून आलेली, आणि शिकारीत मोठा नर निवडून मारला जातो. मादी समोर आली तर तसे निवडणे क्वचित घडते. हा पूर्वग्रह गुणोत्तराला नेमका एकाच दिशेने ढकलतो.

श्रीलंकेत वाघ नाही, म्हणून तेथला बिबट्या मोठा, हा युक्तिवादही या आकड्यांवर टिकत नाही. वाघांच्या शेजारी राहणारे भारतीय नर ५० ते ७७ किलोंचे असताना ५६ ची सरासरी त्यांच्या पल्ल्यातच बसते. श्रीलंकेच्या बिबट्याचे वेगळेपण त्याच्या वागण्यात आणि वावरात असेल; वजनात ते अजून सिद्ध व्हायचे आहे.

११ मार्च

क्षेत्रकर्मींसाठी वजन करण्याची पद्धत आज लिहून काढली. येथे शब्दांची काटकसर केलेली नाही, कारण पुढच्या प्रत्येक आकड्याची गुणवत्ता या पानावर अवलंबून आहे.

प्राण्याला भूल दिल्यानंतर पहिले काम वजनाचे नसते. श्वास, नाडी आणि तापमान ठीक आहे, हे आधी पाहायचे. डोळ्यांत मलम घालून त्यांवर पट्टी बांधायची, कारण पापण्या उघड्या राहतात आणि बुबुळे सुकतात. त्यानंतर प्राण्याला कुशीवर ठेवून कापडी स्ट्रेचरवर घ्यायचे आणि स्ट्रेचरच्या चारही कड्या एका हुकात अडकवून तो स्प्रिंगच्या तानकाट्याला टांगायचा. काटा दोघांच्या खांद्यांवरच्या बांबूला असला, तर खांदे हलतात तसा तोही हलतो. तिपाई असेल तर उत्तम. शेपूट आणि पंजे जमिनीला टेकलेले नाहीत, याची खात्री एकाने खाली वाकून करायची. शेपटीचे वजन नगण्य असले, तरी जमिनीला टेकलेला पंजा बराच भार उतरवतो. काटा स्थिर झाल्यावर दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, आणि मगच मोठ्याने आकडा सांगायचा.

नंतर तेच स्ट्रेचर, त्याच दोऱ्यांसह, रिकामे टांगून पुन्हा तोलायचे. मोहीम सुरू होण्यापूर्वी एकदा तोललेले स्ट्रेचरचे वजन वापरायचे नाही. दवाने भिजलेले, चिखल लागलेले कापड कोरड्या कापडाहून बरेच जड असते. दोन्ही वाचने मापनपत्रावर लिहायची आणि वजाबाकी कार्यालयात करायची.

मापे नेहमी डाव्या बाजूने. डोके व धड : नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, सरळ रेषेत, फीत अंगाला न लावता. शेपूट : मुळापासून शेवटच्या मणक्याच्या टोकापर्यंत, टोकाचे केस धरायचे नाहीत. खांद्याची उंची : पुढचा पाय नैसर्गिकपणे सरळ करून खांद्याच्या वरच्या कडेपासून तळव्याच्या गादीपर्यंत. आडव्या पडलेल्या प्राण्यात हे माप सर्वांत बेभरवशाचे असते. ते तीनदा घेऊन तिन्ही आकडे लिहायचे. प्रौढ नरांत ते साधारण ६० ते ७० सेंटिमीटर येते. ८० आले तर पाय ताणला गेला आहे असे समजून पुन्हा घ्यावे. सुळ्याची लांबी हिरडीपासून टोकापर्यंत, आणि सुळा तुटलेला असेल तर तसे लिहावे.

प्राण्याचे तापमान चढू लागले किंवा तो जागा होण्याची चिन्हे दिसली, तर जेथे असू तेथे मोजणे थांबवायचे. अर्धे भरलेले पत्र आम्हाला चालेल. हा मजकूर पत्राच्या अगदी वर छापला आहे.

१९ मार्च

काटा नसेल तेथे घेरावरून वजन काढता येईल का, याची चाचपणी. धड हे ढोबळमानाने नळकांडे मानले, तर वजन घेराचा वर्ग गुणिले लांबी यांच्या प्रमाणात बदलते. अडचण अशी, की घेरातली चूक दुप्पट होऊन बाहेर पडते : ७५ सेंटिमीटरच्या छातीवर तीन सेंटिमीटर जास्त आले, की वजन आठ टक्क्यांनी वाढते, आणि श्वास आत घेतलेला असताना व सोडलेला असताना घेतलेल्या मापांतसुद्धा फरक येतो. श्वास सोडल्यावर घेर घ्यायचा, असा नियम घातला. मृत प्राण्यांचा घेर या सूत्रात वापरायचा नाही, कारण उन्हात काही तासांत पोट फुगते आणि छातीही त्यातून सुटत नाही.

कवट्यांच्या मापांसाठी वेगळा तक्ता. कवटी टिकते, पुन्हा मोजता येते, आणि दोन माणसांनी मोजली तरी आकडा जवळजवळ तोच येतो. शिकारीच्या विक्रमांच्या याद्यांत कवटीची लांबी आणि रुंदी यांची बेरीज वापरतात, ती याच कारणाने. पण प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या मोठ्या मार्जारांच्या कवट्या आहार आणि चावण्याच्या सवयी वेगळ्या असल्यामुळे रानटी कवट्यांहून निराळ्या, बहुधा अधिक रुंद होतात. म्हणून ज्या कवटीचा उगम रानटी असल्याची लेखी नोंद नाही, ती या तक्त्यात घेतलेली नाही.

२८ मार्च

नोंद कोणत्या मार्गाने आली, हा स्तंभ आज सर्व ओळींना जोडून झाला : शिकार, संशोधनासाठी पकडलेला, वस्तीजवळ पकडलेला, रस्त्यावर मेलेला, इतर. प्रत्येक मार्गाचा स्वतःचा कल आहे. शिकारीत थोर नर अधिक येतात. वस्तीजवळच्या पिंजऱ्यात तरुण, जखमी आणि म्हातारे अधिक सापडतात, आणि पोट आमिषाने भरलेले असते. रस्त्यावर भटके तरुण नर जास्त मरतात. संशोधनासाठी पकडलेल्यांत हद्द असलेले स्थानिक प्राणी येतात, म्हणून त्यांची सरासरी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. वेगवेगळ्या मार्गांच्या नोंदी एकत्र करून काढलेली ‘एकूण सरासरी’ छापायची नाही, यावर आज सर्वांचे एकमत झाले. ज्याला ती हवी असेल, तो तक्त्यावरून काढू शकेल, पण मार्गाचा स्तंभ डोळ्यांसमोर ठेवून.

४ एप्रिल

पहिली आवृत्ती सहकाऱ्यांकडे तपासणीसाठी गेली. प्रदेशवार सरासरीच्या प्रत्येक आकड्यापुढे नमुन्यातली संख्या आणि पल्ला आहे. पाचांपेक्षा कमी प्राणी असतील तेथे सरासरी न देता एकेक वजन दिले आहे. कॉलरसाठी एक छोटी पुरवणी जोडली, कारण तिची मागणी सर्वांत जास्त होती : ६० किलोच्या नराला तीन टक्क्यांच्या नियमाने १८०० ग्रॅमपर्यंतची कॉलर चालते, ३० किलोच्या नराला ९०० आणि २० किलोच्या मादीला ६००. क्रुगरसाठी बनवलेली कॉलर दोफारच्या मादीला बसवता येणार नाही, हे यातून सरळ दिसते.

पुढचे काम मुख्यतः माद्यांचे आहे. जवळजवळ प्रत्येक प्रदेशात माद्यांच्या ओळी नरांपेक्षा कमी आहेत, आणि जावा बेटावरच्या व आग्नेय आशियातल्या बिबट्यांच्या ओळी एकंदरीतच विरळ. मापनपत्राची कोरी प्रत मागणाऱ्यांना आजपासून पाठवायला सुरुवात केली आहे. भरून आलेली पत्रे मूळ हस्ताक्षरातच, छायाप्रतीसह, ठेवली जातील, आणि तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला तिच्या पत्राचा क्रमांक जोडला जाईल.